वाटेवरची घरे

माणूस प्रवास का करतो, या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. कोणी पोटासाठी करतो, कोणी विद्येसाठी, कोणी देवदर्शनासाठी, तर कोणी केवळ हवापालटासाठी. या सर्व प्रवासांची गणना आपण करतो. परंतु आणखी एक प्रवास असा आहे, की ज्याला आपल्याकडे अजून नावही मिळालेले नाही. ठिकठिकाणी विखुरलेल्या जुन्या स्नेह्यांना भेटत भेटत, त्यांच्याच घरी मुक्काम करत, रस्त्याने देशाचा मोठा भाग ओलांडणे हा तो प्रवास होय. त्यात पाहण्याची स्थळे नसतात, भेटण्याची माणसे असतात. मुंबईहून किंवा पुण्याहून निघून कोलकात्याला पोहोचणाऱ्या अशा प्रवासाकडे बहुतेक लोक निवृत्त माणसाचा छंद म्हणून पाहतात. वस्तुतः तो छंद नाही. ज्या समाजाला स्नेह आणि देश या दोन्ही गोष्टी टिकवायच्या आहेत, त्या समाजाची ती एक गरज आहे.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या समाजातील मैत्रीचा भूगोल पार बदलून गेला. पूर्वी माणसाचे मित्र बहुधा त्याच्याच गावात असत. पारावर, ओट्यावर, विहिरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात त्यांची रोज गाठ पडे. मैत्री टिकवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे. गावच ती टिकवत असे. पुढे रेल्वे आली, शाळा-महाविद्यालये निघाली, सरकारी नोकऱ्या आणि बदल्या आल्या. १८७० मध्ये मुंबई आणि तेव्हाचे कलकत्ता ही शहरे जबलपूर-अलाहाबादमार्गे लोहमार्गाने जोडली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नागपूर आणि खरगपूरवरून जाणारा जवळचा मार्गही तयार झाला. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये खरगपूरला तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यातील भट्टी पेटली. वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलेले चौघे चार दिशांना गेले. एक अकोल्याच्या बँकेत, दुसरा भिलाईच्या कारखान्यात, तिसरा खरगपूरच्या रेल्वेत आणि चौथा कोलकात्याच्या एखाद्या कचेरीत. चौघांचीही आयुष्ये स्थिरावली, पण त्यांची मैत्री मात्र निराधार झाली, कारण तिला सांभाळणारे गाव आता उरले नव्हते.

अशा मैत्रीला आपण पत्राचा आधार दिला, मग दूरध्वनीचा आणि आता हातातल्या भ्रमणध्वनीचा. ही साधने क्षुल्लक आहेत असे कोणीही म्हणणार नाही. हजारो मैलांवरच्या मित्राचा चेहरा पडद्यावर दिसावा आणि आवाज कानी यावा, ही मागच्या पिढ्यांना स्वप्नवत वाटणारी गोष्ट आज खेड्यातल्या शेतकऱ्यालाही साध्य आहे. तथापि पडद्यावर मित्र आपल्याला तेवढाच दिसतो, जेवढा तो दाखवू इच्छितो. त्याच्या घराचा जिना चढताना त्याला लागणारी धाप पडद्यावर दिसत नाही. जेवणाच्या पानावर आलेली तडजोड, मुलाच्या रिकाम्या खोलीवरून पटकन वळवलेली नजर, पत्नीच्या औषधांनी भरलेले कपाट हे काहीच दिसत नाही. दृष्टीआड सृष्टी असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. विचारपूस दुरून होऊ शकते. परंतु न विचारता ज्या गोष्टी कळाव्या लागतात, त्यांसाठी मित्राच्या घरी एक रात्र तरी काढावी लागते.

येथे कोणी म्हणेल, की भेटच घ्यायची तर विमानाने जावे. मुंबईहून कोलकाता अवघ्या काही तासांवर आहे. हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण अपुरा आहे. विमान दोन टोके जोडते आणि मधला देश गाळून टाकते. ज्याचे मित्र केवळ महानगरांत आहेत त्याला ते चालेल. ज्याचा मित्र संबलपूरला किंवा राजनांदगावला आहे, त्याच्या डोक्यावरून विमान निघून जाते. रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या आठवणींत एक मजेदार प्रसंग सांगितला आहे. तरुणपणी त्यांना ग्रँड ट्रंक रस्त्याने थेट पेशावरपर्यंत बैलगाडीतून जावे असे मनात आले. घरातील कोणीही या कल्पनेची दखल घेतली नाही. त्यांचे वडील देवेंद्रनाथ यांना मात्र ती एकदम पसंत पडली. आगगाडीने जाणे याला काय प्रवास म्हणायचे, असे म्हणून त्यांनी आपल्या पायी आणि घोड्यावरून केलेल्या भ्रमंतीच्या हकिकती मुलाला ऐकवल्या. देवेंद्रनाथांचे मत आज आगगाडीला नव्हे तर विमानाला अधिक लागू पडते. प्रवास म्हणजे दोन ठिकाणांमधले अंतर अनुभवणे. ते नुसते वजा करणे नव्हे.

कोलकात्याकडे रस्त्याने येण्याची ओढ केवळ भारतीयांनाच होती असे नाही. १५ एप्रिल १९५७ रोजी लंडनहून वीस प्रवाशांना घेऊन एक बस निघाली आणि युरोप, तुर्कस्तान, इराण व पाकिस्तान ओलांडून ५ जूनला कोलकात्यास पोहोचली. त्या काळी विमाने नव्हती असे नाही. तरीही पन्नास दिवस बसमध्ये बसून येणारी माणसे होती. वेळ वाचवणे हेच ज्याचे ध्येय आहे, त्याला अशा लोकांचे कोडे उलगडणार नाही. वाचवलेल्या वेळेचे पुढे आपण काय करतो, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला एकदा विचारून पाहावा.

मुंबई आणि कोलकाता यांना नागपूरवरून जोडणारा रस्ता अनेक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले आणि हा एक रस्ता ५३, ४९ व १६ अशा तीन क्रमांकांत विभागला गेला. गुजरातच्या किनाऱ्याजवळून निघालेला हा मार्ग धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर आणि भंडारा यांवरून महाराष्ट्र ओलांडतो. मग राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. पुढे ओडिशातील संबलपूर आणि केओंझर. नंतर झारखंडचा एक लहानसा कोपरा आणि अखेर खरगपूरवरून कोलकाता. अंतर सुमारे एकोणीसशे किलोमीटर. देशातील चार महानगरांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरांचा सुवर्ण चतुष्कोन प्रसिद्ध आहे. पण त्याच्या चार बाजूंपैकी एकही मुंबईहून थेट कोलकात्याला जात नाही. आपला हा रस्ता त्या चौकोनाच्या पोटातून, देशाच्या ऐन मध्यातून जातो.

या रस्त्याने जाताना भाषा एकदम बदलत नाही. खानदेशात अहिराणी कानावर येते, अकोल्या-अमरावतीकडे वऱ्हाडी, नागपूरला तिथली हिंदीमिश्रित मराठी आणि राजनांदगावच्या पुढे छत्तीसगढी. संबलपूरची बोली किनारपट्टीच्या ओडियापेक्षा वेगळी आहे. बंगालमध्ये शिरताना झारग्रामच्या आसपासची बंगालीही कोलकात्याच्या बंगालीसारखी नसते. नकाशावर राज्यांच्या सीमा ठळक रेषांनी दाखवलेल्या असतात. बोली मात्र पावसाच्या पाण्यासारख्या एकमेकींत झिरपतात. जेवणाच्या पानाचेही तसेच आहे. जळगावची ज्वारीची भाकरी आणि भरीत विदर्भात हळूहळू मागे पडते. भंडाऱ्याच्या तलावांच्या प्रदेशापासून भाताचे राज्य सुरू होते. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. ओडिशात आंबवलेल्या भाताचा पखाळ आणि बंगालमध्ये माछ-भात. काळी कपाशीची जमीन मागे टाकून लाल मातीच्या प्रदेशात शिरलेला प्रवासी एकाच देशात आहे आणि तरीही प्रत्येक मुक्कामाला तो पाहुणा आहे. वाटेत मित्रांची घरे असतील तर हा सारा बदल त्याला हॉटेलच्या पाटीवरून नव्हे, तर एखाद्या गृहिणीच्या हातून कळतो. देशाची ओळख होण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

मराठी माणसाने या रस्त्याविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. नागपूरहून बंगालकडे जाणाऱ्या वाटेने मराठी माणसे मोठ्या संख्येने प्रथम गेली, ती मैत्रीसाठी नव्हे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांची फौज बंगालवर चालून गेली. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने वाटाघाटीस बोलावून भास्करपंतांना ठार केले. स्वाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. १७५१ मध्ये तह होऊन बंगालची चौथाई आणि ओडिशा भोसल्यांना मिळेपर्यंत हे चालू राहिले. या स्वाऱ्यांत गावे लुटली गेली, सामान्य रयत देशोधडीला लागली. बंगालमध्ये या स्वारांना बर्गी म्हणत, आणि बर्गी येईल म्हणून मुलांना निजवण्याची रीत तेथील अंगाईगीतांत आजही जिवंत आहे. त्यांच्या भीतीने कोलकात्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो मराठा खंदक म्हणून ओळखला गेला. फौज शहरापर्यंत आली नाही, खंदकही पुरा झाला नाही. पण नाव राहिले. बागबाजारातील एका गल्लीला ते आजही आहे.

इतिहासाचा हा भाग मराठी मनाला रुचणारा नाही, म्हणून तो झाकून ठेवावा असे नाही. उलट तो ठाऊक असेल तरच पुढे जे घडले त्याचे मोल कळते. खंदकाचा मोठा भाग बुजवून त्या जागी १७९९ मध्ये सर्क्युलर रस्ता करण्यात आला. त्या रस्त्याच्या उत्तर भागाला आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव आहे. हे थोर रसायनशास्त्रज्ञ एका मराठी माणसाचे जिव्हाळ्याचे स्नेही होते. तो मराठी माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. कोलकाता ही तेव्हा देशाची राजधानी होती आणि कायदेमंडळाच्या कामासाठी गोखल्यांचा तेथे मुक्काम असे. प्रफुल्लचंद्र शेजारीच राहत आणि वारंवार त्यांच्याकडे येत. मराठ्यांना अडवण्यासाठी जेथे खंदक खणला, तेथेच एका मराठी नेत्याच्या मित्राच्या नावाचा रस्ता असावा, हा योगायोग असेल. पण तो अर्थपूर्ण आहे. वैराचे खंदक कायद्याने किंवा भाषणांनी बुजत नाहीत. एका माणसाने दुसऱ्याच्या घरी जाऊन बसल्याने ते बुजतात.

या बाबतीत बंगाल आणि महाराष्ट्र यांच्या संबंधांचा इतिहास मोठा बोलका आहे. पहिले भारतीय सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकूर यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ १८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते. प्रार्थना समाजाचे संस्थापक असलेल्या या डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा हिने त्यांना इंग्रजी रीतिरिवाजांची ओळख करून दिली आणि त्यांनी तिला नलिनी हे नाव दिले. दुसऱ्या दिशेने पाहिले, तर देवघरच्या परिसरात वाढलेले सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी घराण्यातील गृहस्थ बंगालीचे नामवंत लेखक झाले. त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बर्ग्यांच्या आठवणी ताज्या असलेल्या त्याच बंगालमध्ये देऊस्करांनी शिवाजी उत्सव रुजवण्यासाठी खटपट केली, रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये त्या उत्सवावर कविता लिहिली आणि १९०६ मध्ये लोकमान्य टिळक त्या उत्सवासाठी कोलकात्याला गेले. पुढे पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या वयात बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि ‘वंगचित्रे’ हे पुस्तक मराठीला मिळाले. या प्रत्येक उदाहरणात कोणीतरी घर सोडून दूर गेले आहे आणि कोणीतरी आपले दार उघडले आहे. दोन्ही गोष्टी घडल्या नसत्या, तर दोन प्रांतांची ओळख अंगाईगीतातल्या बर्गीपाशीच थांबली असती.

आता या प्रवासावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप खर्चाचा आहे. गाडी, इंधन, टोल आणि सवड ज्यांच्यापाशी आहे, अशांचीच ही चैन आहे, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. पण गाडी ही या प्रवासाची अट नाही. १९०१ च्या काँग्रेस अधिवेशनानंतर गांधीजी कोलकात्यात सुमारे महिनाभर गोखल्यांच्या घरी राहिले. १९०२ मध्ये ते तेथून राजकोटला निघाले ते तिसऱ्या वर्गाने. वाटेत काशी, आग्रा, जयपूर आणि पालनपूर येथे एकेक दिवस उतरत, धर्मशाळांत किंवा पंड्यांच्या घरी राहत. तिकिटासह साऱ्या प्रवासाचा खर्च एकतीस रुपयांपेक्षा अधिक झाला नसावा, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. गोखल्यांनी त्यांना लाडू-पुऱ्यांनी भरलेला धातूचा डबा दिला आणि प्रफुल्लचंद्रांसह ते स्वतः स्थानकावर पोहोचवायला गेले. गांधीजी पहिल्या वर्गाने निघाले असते तर आपण आलो नसतो, असेही गोखल्यांनी सांगितले. प्रवाशाच्या साधेपणाला मित्राने दिलेली ती दाद होती. आजही एसटीने, पॅसेंजर गाडीने, टप्प्याटप्प्याने हा प्रवास करता येतो. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या दिंड्यांचे मुक्काम ठरलेले असतात. वाटेवरच्या कित्येक घरी पिढ्यान्‌पिढ्या तेच वारकरी उतरतात आणि ते आले नाहीत तर घरधनी अस्वस्थ होतो. त्या मुक्कामांना कधी श्रीमंती लागली नाही.

दुसरा आक्षेप यजमानाच्या गैरसोयीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. पूर्वीची मोठी घरे राहिली नाहीत. दोन खोल्यांच्या सदनिकेत पाहुणा येणे म्हणजे घरातील कोणाची तरी झोप जाणे होय. स्वयंपाकाचा भार बहुतेक घरांत अजूनही स्त्रीवरच पडतो. मैत्री पतीची आणि कष्ट पत्नीचे, अशी वाटणी होते. म्हणून अशा प्रवासाला काही पथ्ये पाळावीच लागतात. आगाऊ कळवल्याशिवाय जाऊ नये. एक, फार तर दोन रात्रींपेक्षा अधिक राहू नये. घरात आजारपण किंवा परीक्षा असेल तर बाहेर उतरून केवळ भेटीस जावे. सकाळी आपले अंथरूण आपण आवरावे आणि ओट्यापाशीही हात लावावा. छत्तीसगड आणि ओडिशाच्या जंगलातून जाताना रात्रीचा प्रवास टाळावा, म्हणजे अवेळी दार ठोठावण्याचा प्रसंग येणार नाही. पाहुणचार हा यजमानाचा धर्म असेल, तर त्याच्यावर ओझे न होणे हा पाहुण्याचा धर्म आहे.

याच अनुषंगाने आणखी एक मुद्दा येतो. अशा प्रवासाची यादी तयार होते, तेव्हा तिच्यात बहुधा पुरुषाचे मित्र असतात. लग्नानंतर स्त्रीचे गाव बदलते, अनेकदा आडनाव बदलते आणि शाळेतील मैत्रिणी कोठे गेल्या याचा माग लागत नाही. चाळीस वर्षे एकीने दुसरीचे नाव केवळ मनात जपलेले असते. पतीचा वर्गमित्र रायपूरला आहे म्हणून तेथे थांबायचे आणि पत्नीची बालमैत्रीण दुर्गला आहे, ती मात्र वाटेवर असूनही राहून जायची, असे घडू नये. ज्या प्रवासात दोघांच्याही स्नेहाला समान मुक्काम मिळतो, तोच खऱ्या अर्थाने दोघांचा प्रवास होय.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. बरेच लोक म्हणतात, की जुन्या मित्राची आठवण सुंदर आहे. प्रत्यक्ष भेटीने ती विटेल. ही भीती अगदीच निराधार नाही. तीस वर्षांत माणसे बदलतात. एकाची भरभराट झालेली असते, दुसऱ्याची उमेद खचलेली असते. एकेकाळी ज्याच्याबरोबर रात्र रात्र वाद घातला, त्याच्याशी आता अर्ध्या तासात बोलण्याचे विषय संपतात. कोणाची मते इतकी उलट झालेली असतात, की वर्तमानपत्र उघडायचीही धास्ती वाटावी. कोठे जुन्या उसनवारीचा किंवा न बोललेल्या अपमानाचा काटा रुतलेला असतो. अशा वेळी भेट गोड होईलच असे आश्वासन कोणालाही देता येणार नाही.

तरीही ती घ्यावी. कारण आठवणीतला मित्र हा आपल्याच मनाने घडवलेला असतो; त्याला आपली गरज नसते. घरात बसलेला, केस पिकलेला, कदाचित कडवट झालेला माणूस मात्र खरा असतो आणि त्याला आपली गरज असू शकते. सुंदर आठवण जपण्यासाठी जिवंत मित्राला टाळणे म्हणजे तसबिरीला हार घालून माणसाला उपाशी ठेवण्यासारखे आहे. शिवाय मित्र बदलला हे आपल्याला दिसते, तसे आपण बदललो हे त्यालाही दिसते. आपण कोण होतो हे सांगणारी माणसे उतारवयात फार थोडी उरतात. आई-वडील गेलेले असतात, मुलांनी आपले तारुण्य पाहिलेले नसते. आपण कधीकाळी धीट होतो, गात होतो, अन्यायाविरुद्ध उभे राहिलो होतो, याचा साक्षीदार केवळ तो मित्रच असतो.

आणि येथेच काळाचा प्रश्न उभा राहतो. पुढच्या वर्षी नक्की येतो, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यातील असत्य बोलणाऱ्यालाही जाणवत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने ते उच्चारताना थोडे थांबावे. भेट लांबणीवर टाकली तर रस्ता जागीच राहतो. दार उघडणारा हात राहीलच असे नाही. ज्याच्यासाठी कोलकात्याला जायचे होते, त्याच्या शोकसभेचा निरोप आल्यावर विमानाचे तिकीट तातडीने काढणारे लोक आपण पाहतो. तीच तातडी वर्षभर आधी दाखवली असती तर काय बिघडले असते? आणि दुर्दैवाने उशीर झालाच, तरी ते घर यादीतून पुसू नये. मित्राच्या पश्चात त्याच्या घरी जाऊन त्याच्या मुलांना त्याच्या तरुणपणाच्या चार गोष्टी सांगणे, हे त्या मुलांना मिळालेले वारसाधनच असते. कोणत्याही मृत्युपत्रात ते लिहिलेले नसते.

रस्त्याच्या बांधणीनेही याबाबत एक साधी गोष्ट शिकवली आहे. पूर्वीचा महामार्ग गावांच्या मधून जाई. बाजारपेठेत वाहने तुंबत, अपघात होत. म्हणून गावाबाहेरून वळणरस्ते काढण्यात आले. ते योग्यच झाले. पण त्यामुळे आता अकोला असो की संबलपूर, माणूस गावात न शिरता पुढे जाऊ शकतो. वेग हवा असेल तर महामार्ग सोडू नये. घर हवे असेल तर तो सोडावाच लागतो. आयुष्याचेही असेच झाले आहे. नोकरी, बढती, मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते यांचा रुंद रस्ता माणसांना बाहेरून वळसा घालून पुढे नेतो. कोणी अडवत नाही, म्हणून कोणी भेटतही नाही. मैत्रीसाठी आत वळण्याचा निर्णय ज्याचा त्यानेच करायचा असतो.

असा प्रवास करणारा माणूस शेवटी कोलाघाटजवळ रूपनारायण नदी ओलांडतो आणि १९९२ मध्ये खुल्या झालेल्या विद्यासागर सेतूवरून हुगळी पार करून कोलकात्यात शिरतो. हे शहर मित्रांच्या बैठकीला फार मान देते. तिला तेथे अड्डा म्हणतात. कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउसमध्ये एका पेल्यावर तासन्‌तास चालणाऱ्या गप्पांना वेळेचा अपव्यय समजले जात नाही. मराठी माणसाला यात आपला कट्टा दिसेल, गावाकडचा पार दिसेल. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात त्याला मराठी बोलणेही ऐकू येईल. परंतु जो वाटेत सहा-सात घरी थांबून आला आहे, त्याला कोलकाता परके वाटण्याचे कारण उरत नाही. एकेका घराने त्याला पुढच्या प्रदेशाच्या स्वाधीन केलेले असते.

राष्ट्राची एकात्मता हा शब्द आपण समारंभांतून वारंवार ऐकतो. रस्ते आणि रेल्वे तिची साधने आहेत हे खरे; पण साधने तयार झाली म्हणजे कार्य झाले असे नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक खंदक बुजला तो मातीने. माणसामाणसांमधले खंदक बुजायला भेटीगाठी लागल्या. ज्याचे एक घर अकोल्यात, एक भिलाईत, एक संबलपुरात आणि एक कोलकात्यात आहे, तो त्यांपैकी कोठेही पूर किंवा दंगल झाल्याची बातमी वाचून पान उलटू शकत नाही. त्याच्या दृष्टीने ते नकाशावरचे ठिकाण नसते. तेथे आपल्याला जेवू घालणारे कोणी तरी राहत असते. देशाविषयीचे प्रेम इतके मूर्त झाल्यावर त्यासाठी वेगळ्या घोषणांची गरज पडत नाही. त्यासाठी थोडी सवड काढावी लागते, थोडा संकोच सोडावा लागतो आणि जुन्या वहीतील एखादा पत्ता अजून बरोबर आहे का, हे आजच विचारून घ्यावे लागते.